झोयाची पहिली पसंती

महाडच्या मोहल्ल्यात कुणाला कसलाही सरकारी अर्ज भरायचा असला, की तो माणूस अब्बासशेठच्या ओसरीवर येई. पासपोर्ट असो, रेशनकार्ड असो की टेलिफोन, शेठ सगळं भरून देत. चौदा वर्षं कुवेतला कंपनीच्या ऑफिसात काढलेली, त्यामुळे इंग्रजी अक्षर छापल्यासारखं. लोकांचा त्यांच्यावर इतका भरवसा, की एक रीतच पडून गेली होती. आधी कोऱ्या अर्जावर सही ठोकायची, चहा प्यायचा आणि घरी जायचं. रकाने शेठ मागाहून सवडीनं भरायचे. आपल्या सहीच्या वर काय लिहिलं गेलं हे पाहायला कुणी परत येत नसे. खरं सांगायचं तर आजवर कुणाचं काही बिघडलंही नव्हतं. बिघडलं ते घरच्याच अर्जात!

झोया ही त्यांची थोरली लेक. एमबीबीएस होऊन ती वर्षभर पोलादपूर तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात काम करत होती. २००२ सालच्या उन्हाळ्यात पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत तिला चांगला क्रमांक मिळाला, मोहल्ल्यात पेढे वाटले गेले. त्या क्रमांकावर स्त्रीरोगाची जागा सहज मिळण्यासारखी होती. शेठनी बाजारपेठेतला आपला गाळा रिकामा करून घेतला. 'झोया मॅटर्निटी होम' ही पाटी निळ्या रंगात करायची की हिरव्या, इथवर त्यांची तयारी झाली होती. अशात एका संध्याकाळी जेवताना लेक म्हणाली, "अब्बा, मला पी.एस.एम. करायचंय."

"ते काय असतं?"

"प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र. रोग झाल्यावर बरा करायचा, त्यापेक्षा तो होऊच नये म्हणून काम करायचं. पाणी, लसी, साथी, बाळंतिणीचं खाणंपिणं, सगळं त्यात येतं."

अब्बासशेठचा घास हातातच राहिला. "म्हंजे पेशंट नाय?"

"अख्खं गाव पेशंट."

"आन दवाखाना?"

"दवाखाना नाही, अब्बा."

"मग डॉक्टर कशाला झालीस गो? लोक इचारतील, शेठ, तुमची पोर कसली डॉक्टर? मी काय सांगू, गटाराची?"

झोया हसली, पण ते हसणं डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. त्यानंतर शेठनी ओळखीच्या एका डॉक्टरला विचारून पाहिलं. तो म्हणाला, "अहो, ज्यांना दुसरं काही मिळत नाही ते तिकडं जातात." हे वाक्य शेठच्या मनाला फार लागलं. आपली पोर काय उरलीसुरली जागा घेणाऱ्यांतली? तिला सगळं मिळत असताना हे डोहाळे कुठले!

पसंतीक्रमाचा अर्ज आला तेव्हा झोयाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. कुडपणच्या वाटेवरच्या धारवाडीत जुलाब-उलट्यांची साथ उठली होती. तिनं अर्जावर सही केली आणि म्हणाली, "अब्बा, बाकीचं तुमच्या अक्षरात भरा. पहिली पसंती काय ते तुम्हाला ठाऊक आहे." एवढं बोलून ती निघून गेली. बापाच्या ओसरीवर वाढलेली पोर, तिनंही मोहल्ल्याचीच रीत पाळली.

शेठनी नाव लिहिलं, पत्ता लिहिला आणि पहिल्या पसंतीच्या रकान्याशी त्यांचं पेन थबकलं. मग त्यांनी सुंदर, ठळक अक्षरांत स्त्रीरोग लिहिलं. पी.एस.एम. टाकलं सगळ्यात शेवटी. बायको नसीबा मागं उभी होती. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण नवऱ्याचा चेहरा वाचता येत होता.

"लेकीला दाखवलात?"

"दाखवायचं काय त्यात? तिच्या भल्याचंच हाय."

"भल्याचं हाय तर दाखवायला काय झालं?" नसीबानं विचारलं. शेठनी पाकीट चिकटवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या टँकरचा ड्रायव्हर भाच्याच्या लग्नाला गेला होता. दर उन्हाळ्यात पोलादपूरच्या डोंगरवाड्यांना पाणी पोचवायचं काम शेठकडे असे. एक दिवस खाडा झाला तर वाडी तहानेनं तळमळते, म्हणून ते स्वतःच गाडीवर बसले. अर्जाचं पाकीट सदऱ्याच्या खिशात होतं. संध्याकाळी मुंबईला जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडे ते द्यायचं ठरलं होतं, कारण अर्ज पोचवायची मुदत दुसऱ्या दिवशी दुपारी संपत होती. सावित्रीच्या काठच्या सरकारी विहिरीवर टँकर भरून ते आरोग्य केंद्राशी आले, तर झोया रस्त्यातच उभी. सोबत आरोग्य कर्मचारी दत्ताराम. नोकरीची चौतीस वर्षं याच डोंगरात पायपीट केलेला, निवृत्तीला टेकलेला माणूस.

"अब्बा, धारवाडीलाच निघालात ना? आम्हाला घ्या. जीप बंद पडलीय."

तिघं केबिनमध्ये दाटीवाटीनं बसले. शेठना राहवेना. घाट लागताच त्यांनी दत्तारामला मध्ये ओढलं. "तुमीच सांगा हिला काही. येवढी हुशार पोर, आन म्हणते तुमच्यासारखी विहिरीत पावडर टाकीन!"

दत्तारामला राग आला नाही. त्याला या बोलण्याची सवय होती. तो म्हणाला, "शेठ, एक विचारू? तुमच्या गालावर हे देवीचे वण आहेत. तुमच्या पिढीत असे किती जण होते?"

"गल्लीगल्लीत होते. माझी धाकटी बहीण त्यातच गेली. चार वर्साची होती." शेठचा आवाज जरा खाली आला.

"आणि झोया मॅडमच्या वर्गात वण असलेलं एक तरी पोर होतं?"

"नाय. आता देवी कुठं हाय?"

"मग ती गेली कशी? आपोआप? आमच्यासारखी माणसं सुया घेऊन डोंगर चढली म्हणून गेली. कुत्री अंगावर सोडली लोकांनी आमच्या. शेठ, डॉक्टरनं मरणाऱ्याला वाचवलं तर तो जन्मभर पाया पडतो. पण जो आजारीच पडला नाही, तो कुणाचे आभार मानणार? त्याला ठाऊकच नसतं आपण कशातून वाचलो ते. आमच्या कामाची हीच गंमत आहे, आणि हेच दुःख."

गिअर बदलायचं निमित्त करून शेठ रस्त्याकडे पाहत राहिले. खिशातलं पाकीट मात्र छातीला उगाच टोचू लागलं होतं.

धारवाडी म्हणजे तीस घरांची वस्ती. टँकर आला की पाणी वाडीच्या विहिरीत ओतायचं आणि दत्तारामनं त्यात मोजून ब्लीचिंग पावडर टाकायची, असा शिरस्ता. विहिरीचं पाणी दर आठवड्याला तपासलं जाई आणि दर वेळी शुद्ध निघे. तरीही या वर्षात ही तिसरी साथ! झोयाच्या डोक्यात हाच किडा वळवळत होता. तिनं प्रत्येक घरात विचारलं होतं, पाणी कुठलं पिता? तीसच्या तीस घरांनी सांगितलं होतं, विहिरीचं.

तिघं रंगूबाईच्या पडवीत टेकले. म्हातारीची नात मैना मागच्या आठवड्यात दोन दिवस सलाईनवर होती. जीव जाता जाता राहिला होता. आता ती खांबाला टेकून पेज पीत होती. रंगूबाईनं लगबगीनं तांब्याभर पाणी आणून पाहुण्यांपुढं ठेवलं. झोया मैनाची नाडी पाहत होती. शेठनी तांब्या उचलला, घोटभर पाणी तोंडात घेतलं आणि ते थांबले. पुन्हा एक घोट घेतला.

"रंगूबाई," ते म्हणाले, "हे माझं पाणी नाय!"

"आता पान्यावर काय नाव लिवलेलं असतंय, शेठ?"

"असतं. अकरा उन्हाळं मी ह्या वाडीला पाणी घालतोय. माझ्या पाण्याला पावडरीचा वास येतो. ह्याला नाय. हे गोड हाय. कुठलं हाय सांग."

दाराशी दोन बाया उभ्या होत्या, त्या एकमेकींकडे पाहू लागल्या. झोयानं हळूच म्हटलं, "आजी, मी कागदावर काही लिहीत नाही. मैनासाठी विचारते."

नातीचं नाव निघालं तशी रंगूबाई खाली बसली. "झरीचा हाय गो बाय. ट्यांकरच्या पान्याचा च्या नासतो, भाकरीला वास मारतो, देवाला तर चालतच नाय. प्यायला आमी झरीचाच आनतो, सगळ्या वाडीत."

"आन माझं पाणी?" शेठनी विचारलं.

"म्हशींना. त्या काय बोलत नाय."

अकरा वर्षं घाट चढून आणलेलं पाणी म्हशी पितात, हे ऐकून शेठचा चेहरा असा झाला की झोयाला त्याही स्थितीत हसू आवरेना. पण तिनं पुढचा प्रश्न विचारला, "मग मला विहिरीचं का सांगितलंत?"

"सांगितला असता झरी हाय, तर सरकार ट्यांकर बंद करील. झरी मे सरता सरता आटते. मंग प्यायला पानी कुठून आनू? सगळ्यांनी शपथ घेतली व्हती, झरीचा नाव काढायचा नाय म्हनून."

आता यांना काय बोलणार! खोटं बोलली होती, पण तहानेच्या भयानं बोलली होती ती माणसं. झोया उठली. "टँकर बंद होणार नाही, आजी. झरी पुरत नाही असं मी स्वतः तहसीलदारांना लिहीन. मला तेवढी ती झरी दाखवा." रंगूबाईनं कळशी काखेला मारली, दाराशी उभ्या असलेल्या दोघी निघाल्या आणि झोया त्यांच्यामागून बायांच्या पायवाटेनं खाली उतरली. दत्ताराम विहिरीकडे गेला.

शेठ मागं राहिले. सकाळपासून गाडीवर होते, त्यांना परसाकडे जायचं होतं. देवळाच्या पारावर बसलेल्या भागोजीला त्यांनी हळूच विचारलं. तो म्हणाला, "त्या करवंदीच्या जाळीपल्याड जावा. आदी आमी खालच्या माळावर जायचो, पन गेल्या साली तिथून रस्ता काढला. तवापासून पुरुषांची तिकडंच सोय. पानी पन हाय बारीकसा."

खरंच, तिथं खडकातून करंगळीएवढा ओहळ वाहत होता. शेठनी आपलं आटोपलं, त्या ओहळात हात धुतले, पाय धुतले. बरं वाटलं. सदरा सारखा करत ते जाळीच्या कडेला आले आणि सहज खाली पाहिलं.

खाली, वीस-पंचवीस हातांवर, दगडात कोरल्यासारखं एक लहानसं डबकं होतं. त्याच्या काठाशी रंगूबाई ओणवी होऊन वाटीनं कळशी भरत होती. शेजारी झोया गुडघ्यावर बसली होती आणि ओंजळीत पाणी घेऊन निरखत होती. शेठची नजर ओहळावरून खाली उतरत गेली. आताच ज्यात त्यांनी पाय धुतले होते तो ओहळ एका खडकाला वळसा घालून सरळ त्या डबक्यात पडत होता.

"थांब गो!" शेठ एवढ्यानं ओरडले की डोंगर घुमला. "भरू नको! सोड ते पाणी, सोड!"

झोयानं वर पाहिलं. "अब्बा? तुम्ही तिथं काय करताय?"

शेठची मान खाली गेली. त्या खाली गेलेल्या मानेनंच झोयाला सगळं सांगून टाकलं. रंगूबाईच्या हातची वाटी डबक्यात पडली. "अगो माझी बाय," ती पुटपुटली, "ह्याच पान्याची पेज केली मी पोरीला."

पाहा कसं असतं! पाणी भरणं बायकांचं काम, म्हणून पुरुष कधी झरीवर उतरले नाहीत. वरची वाट पुरुषांची, म्हणून बायका कधी वर चढल्या नाहीत. तीस घरांत अर्धी माणसं पाणी घाण करत होती आणि अर्धी तेच भरून आणत होती, आणि एकाच चुलीपाशी बसून दोघं ते पीत होती. वर्षभरात एकालाही दोन्ही टोकं दिसली नव्हती. औषधांची पेटी रिती झाली होती, देवाला नारळ झाले होते, कुणी करणीही म्हणालं होतं.

झोयानं पारावर सगळ्यांना बोलावलं. ती कुणावर चिडली नाही. काटकी घेऊन तिनं धुळीत डोंगर काढला, वरची जाळी काढली, खालची झरी काढली आणि भागोजीच्या हातात काटकी दिली. "दादा, ओहळ कुठून कुठं जातो, ते तुम्ही दाखवा." भागोजीनं रेघ ओढायला घेतली. अर्ध्यावर त्याचा हात थांबला. पुढं ओढायची त्याला गरजच राहिली नाही. बायका पदरानं तोंड झाकून कुजबुजल्या, पुरुष जमिनीकडे पाहू लागले.

"आमच्याच पोरांना आमीच पाजला म्हनायचा," भागोजी म्हणाला.

"तुम्हाला माहीत नव्हतं. आता माहीत झालं," झोया म्हणाली. "आता काय करायचं ते तुम्हीच ठरवा."

मग मात्र वाडी बोलू लागली. रस्त्याच्या खालच्या उताराला पुरुषांनी जायचं. ओहळाचं तोंड वळवायचं, झरी उपसून साफ करायची, भोवती दगडांचं कुंपण घालायचं. दत्तारामनं सांगितलं की टँकरचं पाणी रात्रभर भांड्यात झाकण न लावता, वर नुसतं फडकं बांधून ठेवलं की सकाळपर्यंत पावडरीचा वास बराच कमी होतो. रंगूबाईनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. "चौतीस वर्सं पावडर टाकलीस, आन हे आज सांगतोस व्हय रे?"

"तुम्ही ते पाणी पीत नाही हेच मला आज कळलं, आजी," दत्ताराम म्हणाला. चूक त्यानं तिथल्या तिथं कबूल केली. इतकी वर्षं त्यानं विहीर तपासली होती, माणसांना विचारायचं राहिलं होतं.

अब्बासशेठ पाराच्या कडेला उभे राहून हे सगळं पाहत होते. तासाभरात त्यांच्या पोरीनं एकही सुई न टोचता तीस घरांवर उपचार केला होता. त्यांच्या मनात आलं, ही माझ्या गाळ्यात दवाखाना घालून बसली असती तर हीच माणसं एकेक करून डोंगर उतरली असती. बाकड्यांवर गर्दी झाली असती. आणि ती गर्दी पाहून आपण छाती फुगवली असती, की बघा, माझ्या लेकीचा दवाखाना कसा चालतो! या विचारानं त्यांना स्वतःचीच लाज वाटली. अशी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

टँकरशी आल्यावर त्यांनी पाकीट काढून झोयाच्या हातात दिलं. "फोड."

तिनं अर्ज वाचला. एकदा वाचला, पुन्हा वाचला. दत्ताराम समजून दूर गेला.

"अब्बा, खाली सही माझी आहे," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच तो शेठना जास्त लागला. "मी तुमच्यावर विश्वास ठेवून सही केली होती."

"ठाव हाय. तीच चूक झाली गो माझ्या हातून. मला वाटलं, बापाला जास्त कळतं. सगळ्या मोहल्ल्याचे अर्ज मी भरले, कुणाचा एक रकाना चुकवला नाय. माझ्याच लेकीचा चुकवला, आन तो जाणूनबुजून!" त्यांनी झरीच्या दिशेला बोट केलं. "आज मी वरती होतो, तू खाली होतीस. माझ्या पायाचं पाणी तुझ्या ओंजळीत आलं. मला दिसलं नसतं तर? ह्या वाड्यांत कोण बघणार, कुणाचं पाणी कुणाच्या ओंजळीत जातं ते? तूच बघ. तुलाच जमेल."

झोयाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं अर्ज उलटा करून सूचना दाखवल्या. खाडाखोड केलेला अर्ज बाद होईल, असं तिथं स्पष्ट छापलं होतं. मुदत उद्या दुपारी दोनची.

"मग नवा घेऊ," शेठ म्हणाले. "उद्या पहाटेच्या गाडीनं मी येतो तुझ्याबरोबर. तिथंच घे, तिथंच भर, तिथंच दे."

मुंबईच्या त्या कचेरीत साडेअकराला रांग खिडकीच्या बाहेर वळसा घालून गेली होती. नवा अर्ज मिळाला. सवयीनं शेठचा हात पुढं आला, पण त्यांनी तो मागं घेतला आणि ते भिंतीशी जाऊन उभे राहिले. झोयानं स्वतःच्या डॉक्टरी, गिचमिड अक्षरात एकेक रकाना भरला आणि सगळ्यात शेवटी सही केली.

दोनला दहा मिनिटं कमी असताना त्यांचा नंबर लागला. खिडकीतल्या कारकुनानं अर्ज चाळला, गुणवत्ता क्रमांक पाहिला आणि चष्मा वर केला. "मॅडम, या क्रमांकावर स्त्रीरोग मिळतंय तुम्हाला. पहिली पसंती पी.एस.एम. चुकून लिहिलंय का?"

झोया बोलण्याआधीच मागून अब्बासशेठ म्हणाले, "नाय साहेब. चूक परवा झाली होती, ती माझी. हे बरोबर हाय."

कारकुनानं शिक्का मारला. त्याला या बापलेकीच्या घरातलं काही कळलं नाही आणि कळायचं कारणही नव्हतं.

वाचकहो, आपल्यातही एक अब्बासशेठ बसलेला असतो. सुई टोचेल तो डॉक्टर, गर्दी जमेल तो दवाखाना आणि पाटी लागेल ती प्रतिष्ठा, असं आपण धरून चालतो. मुलांच्या सहीवर आपल्या हौशी लिहितो आणि त्याला माया म्हणतो. पण रोग बरा करणाऱ्याला जसा मान द्यायचा, तसाच तो होऊ न देणाऱ्यालाही द्यायला आपण शिकलं पाहिजे, आणि मुलांनी असं एखादं न मिरवणारं काम निवडलं तर त्यांच्या आड येता कामा नये. महाडला परतल्यावर शेजाऱ्यानं विचारलं, "शेठ, पोर कसली डॉक्टर होणार मग?"

"गावाची," अब्बासशेठ म्हणाले.